बदली होऊन वऱ्हाडात आलोय, सुट्टीला इथं लोक करतात तरी काय?

बदलीवाला_सातारकर (शुक्रवार रात्री)

नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारचा, बँकेत आहे, दिवाळीनंतर बदली झाली आणि परतवाड्यापासून पाऊण तासावरच्या एका गावात येऊन पडलोय. गावाचं नाव लिहीत नाही, ब्रँच एकच आहे, लगेच ओळखतील. माणसं चांगली आहेत, तक्रार काही नाही, पण उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, म्हणजे बँकवाल्यांना महिन्यातनं दोनदाच मिळणारी जोडून सुट्टी, आणि बायको-पोरं साताऱ्यात, जायचं म्हटलं तर जाण्या-येण्यातच दोन्ही दिवस संपणार. मागच्या रविवारी कपडे धुतले, मोबाईल बघितला, झोपलो, उठलो, परत मोबाईल. संध्याकाळी घरमालक काकांना विचारलं की इथं सुट्टीला लोक काय करतात, तर म्हणाले "सुट्टी? कोनाची सुट्टी?" आणि हसत हसत वावरात निघून गेले. तर खरंच विचारतो, तुम्ही करता काय? चिखलदरा सोडून सांगा, ते गूगलनं सांगून झालंय.

पऱ्हाटी

काका बराबर बोलले साहेब. शनिवार-रविवार हे नोकरीवाल्याईचं. आमचा आठवडा सोमवारी सुरू नाई होत, बाजाराच्या दिवशी सुरू होते. तुमच्या गावचा बजार कोन्त्या दिवशी हाये ते पहा आधी, तोच खरा सुट्टीचा दिवस. आता कापूस वेचणी चालू हाये, किलोवर पैसे भेटतात बायाईले, पण बाजाराच्या दिवशी तुमी किती बी भाव वाढवून देतो म्हना, वावरात एक बाई येनार नाई. काऊन की हप्त्याचा चुकारा त्याच दिवशी होते, हातात पैसा येते, मंग तेल-मीठ, पोट्ट्याची चप्पल, एखादं भजं. माया बाप तर सोयरिकीच्या गोष्टी बी बाजारातच करे, कोनाच्या घरी जायाची गरजच नाई, सगळे पावने तिथीच भेटत.

बदलीवाला_सातारकर

आमच्याकडं रविवारच बाजाराचा आहे. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी, नशीबच म्हणायचं.

गुजरीवाली_ताई

मग उद्या घरात बसा आणि रविवारी पिशवी घेऊन निघा भाऊ, पण चार वाजायच्या आत, कारण हिवाळ्यात पाच वाजता उन्हं गेली की खेड्यावरचे लोक गाड्या पकडायला पळतात आणि बाजार उलगायला लागतो, म्हणजे तेव्हा माल स्वस्त मिळतो हे खरं आहे पण चांगला निघून गेलेला असतो. आत्ता डिसेंबरात सोले घ्यायचे, सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांचे हिरवे दाणे. सोलून ठेवलेले महाग मिळतात, तुम्हाला वेळच वेळ आहे तर शेंगा घ्या आणि सोलत बसा, रविवारची दुपार गेली तुमची 😀 अर्धे सोले जाडसर वाटून तेलावर खमंग भाजायचे, अर्धे अख्खे ठेवायचे, लसूण, हिरवी मिरची, वांगी, आणि सांबार वरून. सोले-वांगे भाकरीबरोबर खाल्ले की बदली कॅन्सल करायचा अर्ज फाडाल. आणि शेंगा नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीभर पुढ्यात घेऊन बसायचं, हा आमच्याकडचा टीव्हीपेक्षा जुना कार्यक्रम आहे. टरफलांचा ढीग पाहून कळते गप्पा किती रंगल्या.

बदलीवाला_सातारकर

ताई धन्यवाद. सांबार वरून म्हणजे इडलीचं सांबार?

पऱ्हाटी

😂😂😂

गुजरीवाली_ताई

कोथिंबीर हो भाऊ, कोथिंबीर.

पुण्यात_अडकलेला

हा सांबारचा जोक आता रिटायर करा बे कोणीतरी. प्रत्येक धाग्यात एक सातारकर नाहीतर कोल्हापूरकर येते आणि सांबारवर घसरते. त्यांना टमाट्याले भेदरं म्हणतेत ते सांगा, फल्ली म्हणजे भुईमुगाच्या शेंगा ते सांगा. (मी हिंजवडीत बसून लिहून राह्यलो, सोले-वांगे वाचून रडू आलं, इथं पॅकेटातले फ्रोजन मटार भेटते.)

मूर्तिजापूर_लाइन

सातारकर साहेब, तुम्ही दहा वर्षं उशिरा आले. आमचा रविवार म्हणजे शकुंतला होती. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, आणि त्याला चार तास! अडीच फुटाची नॅरोगेज. कोणी घाई असलेला माणूस त्या गाडीत बसतच नव्हता, एसटीने जात होता. आम्ही लहानपणी मामाच्या गावी जायचो तर आजी शिदोरी बांधून द्यायची, रस्त्यात फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे काढायची, तो मागून फाटक उघडून परत येऊन चढायचा. तोवर आम्ही खाली उतरून बोरं वेचून यायचो. हे अतिशयोक्ती नाही, विचारा कोणालाही. लाइन इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीची, वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला टाकलेली, इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं, ते १९९४ पर्यंत चाललं आणि मग डिझेल आलं. म्हणजे पहा, कापूस जायचा मँचेस्टरच्या गिरण्यांना आणि इंजिन यायचं मँचेस्टरवरून, मध्ये आम्ही बोरं खात बसलेलो. आता गाडी बंद आहे. मी अजून कधी कधी रविवारी सकाळी जुन्या स्टेशनवर जाऊन बसतो, दोन-तीन म्हातारे पण येतात, एकानं घरून चहा आणलेला असतो थर्मासमध्ये. गाडीची वाट पाहतो असं म्हणणार नाही मी, पण बसायला ती जागा बरी आहे.

खरं_बोलू_का

सगळे इतकं गोड लिहून राह्यले की जसा काही स्वर्गच हाये. खरं सांगतो, मी इथंच राहतो, २६ वर्षाचा हावो. आमच्या वयाचे पोट्टे सुट्टीच काय, रोजच काय करतेत? पानठेल्यावर उभे राहतेत. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटून खर्रा बनवून घेतेत, आठ जन मिळून एक खर्रा खातेत, आठही जन मोबाईलमधी पाहतेत. टॉकीज होती ते मंगल कार्यालय झालं. वाचनालय हाये, त्याचं कुलूप १ मेला झेंडावंदनाले उघडते. गुटखाबंदी २०१२ पासून हाये म्हनतेत, मले तर फरक दिसला नाई. वावरात आरात भाजलेले कनकेचे गोळे, ते रोडगे-बिडगे महिन्यातून एखाद्या वेळी, बाकीचे दिवस कसे जातेत ते पन लिहा न.

पऱ्हाटी

भाऊ तू पानठेल्यावर उभा राहून टाइप करून राह्यला न हे 😄

खरं_बोलू_का

हो. मंग?

गुरुजी_निवृत्त

खरं बोलणाऱ्या भाऊचं म्हणणं झटकून टाकू नका. खर्ऱ्यानं तोंड उघडेनासं झालेली माझ्या वर्गातली दोन मुलं मला माहीत आहेत, एकाला दोन बोटं तोंडात जात नाहीत, वय तीसही नाही. पण पानठेला म्हणजेच सगळी तरुण पोरं, हेही खरं नाही. रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या शाळेच्या मैदानावर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात, थंडीत तोंडातून वाफा निघतात, एक जण मोबाईलच्या स्टॉपवॉचवर सोळाशे मीटरचं टायमिंग घेतो. पोरी आठशे मीटर. गोळाफेकीचा गोळा एकच आहे, तो पाळीपाळीनं फिरतो. मग अंघोळ करून हीच पोरं अभ्यासिकेत जाऊन सराव पेपर देतात. त्यांच्या रविवाराला निवांत म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, पण नऊ वाजता अभ्यासिकेत जायच्या आधी पोह्याच्या गाडीवर तर्री मागून घेताना जी दंगामस्ती करतात ती पाहण्यासारखी असते.

आणि कबड्डी कशी विसरता? जानेवारी लागला की गावोगाव खुले सामने, रात्री फ्लड लाइट लावून, मातीत. भागातला जुना नाद आहे हा, आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवून आली होती. सातारकरांना सांगतो, सामना पाहायला गेलात तर पुढे बसू नका, चढाई करणारा कधी मांडीवर येऊन पडेल सांगता येत नाही. माझा चष्मा गेला आहे एकदा.

बदलीवाला_सातारकर (सोमवार रात्री)

बाजार करून आलो. रिपोर्ट देतो.

दोन वाजता गेलो. आमच्याकडचा बाजार आणि इथला बाजार यात मला पहिला फरक दिसला तो म्हणजे कोणालाच घाई नाही. आमच्याकडं बाई भाजी घेते आणि पुढं जाते, इथं बाई भाजीवालीच्या शेजारी पोत्यावर बसते, पाणी पिते, तिच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करते, मग भाव करते. तुरीच्या शेंगा घेतल्या, एक किलो मागितल्या तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या "एकटे हाये न तुमी? मंग अर्धा किलोच न्या, सडतीन." म्हणजे गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. आणि ब्रँचमध्ये विड्रॉवल स्लिप भरता येत नाही म्हणून माझ्यापुढं गप्प उभे राहणारे एक आजोबा तिथं बैलांच्या घुंगरमाळांचं दुकान लावून बसले होते, मला बघून त्यांनी सरळ "या साहेब, बसा" म्हणून बाजूचं पोतं झाडलं. अर्धा तास बसलो तिथं, कवड्यांच्या माळा कशा ओवतात ते बघत. बँकेत मी त्यांना बसा म्हटलेलं मला आठवत नाही.

शेंगा उकडल्या. तुमचं खरं आहे ताई, ढीग झाला. पण एकट्याचाच ढीग होता.

गुजरीवाली_ताई

असं नका लिहू भाऊ, वाईट वाटते. पुढच्या वेळी घरमालकांच्या ओट्यावर घेऊन बसा.

झाडीचा_पावना

तुम्ही सगळे वऱ्हाडातलेच दिसता, म्हणून आमच्या पूर्वेकडचं कोणी सांगतच नाही. साहेब, चौथ्या शनिवारी गाडी काढा आणि आमच्या झाडीपट्टीत या, लांब आहे पण या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, ह्या चार जिल्ह्यांत दिवाळीची भाऊबीज झाली की नाटकं सुरू होतात ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. गावात मंडई म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री नाटक पाहिजेच, एखाद्या गावात तर एकाच रात्री दोन-दोन नाटकं आणि दोन्हीकडे मंडप भरलेला. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, आमच्या गावची पोरं सप्टेंबरपासूनच बुकिंगला चकरा मारतात.

रात्री दहाला पडदा उघडतो म्हणायचं, उघडतो अकराला, आणि संपते पहाटे चार-पाचला. घरून चादरी, सतरंज्या, स्वेटर, म्हाताऱ्यांच्या कानटोप्या, पोरांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा. मधात लावणी झाली की झोपलेले सगळे उठतात, लावणी संपली की परत झोपतात, मायच्यान. माझी आजी तर पूर्ण नाटक झोपेत ऐकायची आणि सकाळी तिलाच सगळं कथानक माहीत असायचं. शहरातली नाटकवाली मंडळी आमच्या नाटकाला नावं ठेवतात, भडक आहे, रडारड आहे. असो बापा. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा तेच लोक फोटो टाकत होते.

आणि खरी मजा नाटकाची नाहीच. त्या दिवशी गावात प्रत्येक घरी वीस-वीस पावने. लेकी, जावई, जावयाचे मित्र, मित्राचा कोणीतरी. कोण कोणाकडे जेवला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लग्नं जमतात तिथं. माझं जमलं.

गुजरीवाली_ताई

आणि त्या वीस पावन्यांचा सैपाक कोणी केला, ते पण लिहा.

झाडीचा_पावना

😶

गुजरीवाली_ताई

नाही, भांडत नाही, हसत विचारून राह्यली. पण ह्या धाग्यात हे कोणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. बाईच्या रविवारी काम डबल असते, पोरं घरी, नवरा घरी, डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळी, धुणं, वरून "काहीतरी वेगळं कर". आमचा निवांतपणा असा शनिवार-रविवार बघून येत नाही, चोरून घ्यावा लागते. दुपारी अडीच ते चार. भांडी झाली की गल्लीतल्या आम्ही चार-पाच जणी पाटलीणकाकूंच्या ओसरीत बसतो, कोणी वाती वळते, कोणी फल्ल्या फोडते, कारण हात रिकामे दिसले की लगेच कोणीतरी आवाज देते न. कामाचं नाव करून बसायचं. बचत गटाची मीटिंग असते त्या दिवशी तर दोन तास हक्काचे, हिशेब पंधरा मिनिटांत होते आणि बाकीचा वेळ काय बोलतो ते इथं लिहिणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, तेव्हा रोज संध्याकाळी बाहेर पडायला कोणी अडवत नाही, वाण काय मिळालं यापेक्षा कोणाच्या घरात नवीन काय घेतलं ते पाहून यायचं असते. भाद्रपद-आश्विनातल्या भुलाबाईच्या गाण्यांना आता पोरी कमी झाल्या, पण खिरापत ओळखायला आम्ही म्हाताऱ्या अजून भांडतो.

एक मात्र आहे, रोडगे असले की त्या दिवशी बाईला खरी सुट्टी. ते काम माणसांचं. वावरात, गवऱ्यावर, राखेत. आम्ही फक्त जाऊन बसायचं आणि कच्चे राहिले म्हणून नावं ठेवायची.

पऱ्हाटी

ताईनं एकदम पॉइंटाची गोष्ट केली. साहेब रोडगे खाल्ले का अजून?

बदलीवाला_सातारकर

नाही. पण काल घरमालक काका स्वतःहून म्हणाले, "बहिरमले चालता का?" हे काय आहे?

मूर्तिजापूर_लाइन

चालता का काय विचारता, पळा. बहिरमची यात्रा २० डिसेंबरला लागते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते, महिन्याच्या वर. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे. लोक राहुट्या टाकून मुक्काम करतात. परतवाड्यावरून जवळच आहे. मुक्तागिरी पण त्याच बाजूला, बावन्न जैन मंदिरं डोंगरात, सीमा ओलांडून मध्य प्रदेशात लागते ते, पण धबधबा पावसाळ्यातला, आत्ता नुसत्या पायऱ्या चढाव्या लागतील.

पुण्यात_अडकलेला

हंडीतलं मटण घेताना हंडी परत मागू नको देत म्हणा त्याला, हंडी घरी आणायची. आमच्या घरी तीन वर्षांच्या तीन हंड्या आहेत, एकीत तुळस लावली मायनं.

बदलीवाला_सातारकर (पंधरा दिवसांनी)

मंडळी, मोठं लिहितोय, वाचा.

बहिरमला गेलो. काका, त्यांचे धाकटे भाऊ बापू, त्यांची दोन पोरं आणि मी. यात्रेविषयी तुम्हाला काय सांगू, तुम्ही जन्मापासून बघताय. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं, कारण रविवारी त्यांच्या वावरात रोडगे झाले.

सकाळी साडेनऊला गेलो. वावरात एका बाजूला तूर उभी, दुसरीकडं कपाशी अर्धी वेचलेली, बांधावर कडुनिंब, त्याच्याखाली बापूंनी आधीच गवऱ्या रचून पेटवलेल्या. खाली पऱ्हाटीच्या काड्या, वर गवऱ्या. धूर बसला की आर तयार होतो, तोवर कणीक. गहू मुद्दाम रवाळ दळून आणलेला, त्यात तेलाचं मोहन, मीठ, ओवा, घट्ट मळला. मला वाटलं गोळे करून टाकायचे. तसं नाही! बापूंनी चार छोट्या चानक्या लाटल्या, प्रत्येकीला तेल चोपडलं, एकावर एक ठेवल्या, मग पाचवी जरा मोठी लाटून त्यात त्या चारही गुंडाळून तोंड बंद करून चेंडू केला. हातानं असं दाबून दाबून गोल करत होते, तोंडानं शेजाऱ्याच्या बोअरचा वाद सांगत होते आणि एकाही चेंडूचं तोंड उघडं राहिलं नाही. मी सहा केले, त्यातले चार आरात फुटले. काकू लांब खाटेवर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या "साहेबाचे कोन्ते ते वळखू येतेत." (ताई, तुमची आठवण झाली.)

आरात पुरायचे, वरून राख लोटायची, थोड्या वेळानं काठीनं फिरवायचे. वास सुटला की बाहेर काढून सगळे एका पोत्यात घालायचे, दोघांनी दोन टोकं धरून पोतं इकडून तिकडं घोळायचं, राख झडून जाते. मग हातावर घेऊन फोडायचा, आतल्या चानक्या पापुद्र्यासारख्या सुटतात, त्यावर तूप. बरोबर वरण आणि वांगं-आलूची भाजी, इतकी तिखट की मी सातारी असून दोनदा पाणी प्यायलो. मी साडेतीन खाल्ले. काका म्हणाले "उलुसेच खाल्ले." म्हणजे थोडेच.

जेवल्यावर सगळे तिथंच झोपले. खरंच, कोणी काही बोललं नाही, ठरवलं नाही, कोणी घोंगडीवर, कोणी तुराटीच्या ढिगाला टेकून, आणि मी पण. जाग आली तेव्हा चार वाजले होते, खिशात मोबाईल होता, सकाळपासून काढलाच नव्हता.

पऱ्हाटी

आता तुमी आमचे.

नागपूर_रिटर्न

बाकी सगळं ठीक आहे पण हे तुम्ही जे खाल्लं त्याला आमच्याकडे पानगे म्हणतात.

पऱ्हाटी

चूक. पानगा चपटा असते, पानात ठेवून भाजतेत, म्हनून तर पानगा. रोडगा गोल, आत पदर.

नागपूर_रिटर्न

आमच्याकडे गोल पण करतात.

झाडीचा_पावना

मग बिट्टी काय?

गुजरीवाली_ताई

बिट्टी आधी वाफवायची, कापायची, मग तळायची. तिन्ही वेगळे. झाला निकाल, आता भांडू नका.

नागपूर_रिटर्न

ताई तुमच्याबद्दल आदर आहे पण निकाल मान्य नाही.

खरं_बोलू_का

मी बी गेलतो मागच्या आइतवारी मामाच्या वावरात, हुरड्याले. ज्वारी आता कोनी पेरतच नाई, सगळं सोयाबीन अन् कपाशी, मामानं खास हुरड्यासाठी दोन तास, म्हंजे ओळी, ठेवले होते बांधाच्या बाजूनं, ते बी पाखरांनी अर्धे खाल्ले. पन बाकी मस्त झालं. कनसं आरात भाजून गरम गरम चोळले, संग फल्लीची चटनी अन् गूळ. खर्रा नाई खाल्ला दिवसभर, तोंड भाजलं होतं म्हनून 😅 गुरुजी, वाचनालयाची चावी कोनापाशी असते? मले काही तरी काम पाह्यजे रविवारी. पानठेल्यावरचे दोघं-तिघं बी येतो म्हनतेत.

गुरुजी_निवृत्त

चावी ग्रामपंचायतीत. उद्या मी सोबत येतो. झाडू घेऊन या, पुस्तकांच्या आधी तेच लागेल.

शंकरपट_दिवाना

पटाबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा आमच्या घरी पटाची जोडी होती, बाबानं एक बैल विकला आणि दुसरा विकवला गेला नाही, तो तसाच गोठ्यात म्हातारा झाला. डिसेंबर २०२१ ला परवानगी आली, मे २०२३ ला कोर्टानं पक्कं केलं. पण साडेसात वर्षांत पटाचे बैल तयार करणारी माणसं कमी झाली हो, बैलाला पळवायचं शिकवणं हे काय पुस्तकात नाही. आता परत तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी गर्दी पाहा, सेकंदावर निकाल, एक सेकंदाच्या शंभराव्या भागावर भांडणं. बाबा गेल्या वर्षी पट पाहायला गेले, दिवसभर काही बोलले नाही, येताना एक नवीन वेसण घेऊन आले. घरी बैल नाही. खुंटीला टांगून ठेवली आहे.

बदलीवाला_सातारकर

शंकरपट भाऊ, पुढच्या पटाला मला घेऊन चला.

बरं, एक अडचण आहे. संक्रांतीनंतरच्या चौथ्या शनिवार-रविवारी बायको-पोरं येताहेत इकडं चार दिवसांसाठी. पोरगा आठ वर्षांचा, पोरगी पाच. बायकोचं म्हणणं "तिथं बघण्यासारखं काय आहे?" आता मीच तिला काय सांगू ते कळंना. चिखलदरा दाखवू का?

मूर्तिजापूर_लाइन

दाखवा पण रविवारी नको, आम्ही रविवारी वर जात नाही, गाड्यांचीच गर्दी. सोमवारची रजा टाका. परतवाड्यावरून तीसेक किलोमीटर घाट आहे, पहाटे निघा. गाविलगड पहा, १८०३ साली इंग्रजांच्या वेलस्लीनं घेतला तो किल्ला. भीमकुंड पहा, भीमानं कीचकाला मारून त्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं म्हणतात. पोराला ही गोष्ट सांगा, आवडते पोरांना. कॉफीची झाडं दाखवा, महाराष्ट्रात कॉफी होते हे सातारच्या लोकांना खरं वाटत नाही. वरच्या गवळ्यांची रबडी. स्वेटर घ्या.

गुजरीवाली_ताई

आणि वहिनींना रविवारी अडीच वाजता आमच्यासारख्यांच्या एखाद्या ओसरीत सोडून द्या, हळदीकुंकवाचे दिवस आहेत. तुमच्या घरमालकीणबाई नेतील. बघण्यासारखं काय आहे ते त्या तुम्हाला येऊन सांगतील.

बदलीवाला_सातारकर

काकांना विचारलं, पोरं येताहेत तर रोडगे करूया का रविवारी. म्हणाले "करू न, पन या टायमाले गवऱ्या तुमी आना, मांगच्या वेळी रिकाम्या हातानं आलते." आता गवऱ्या विकत कुठं मिळतात? बाजारात दिसल्या नाहीत.

पऱ्हाटी

विकत?? 😂 बाजारातल्या त्या घुंगरमाळवाल्या आबाले विचारा न साहेब, ज्यांनी पोतं झाडलं होतं. त्याईच्या घरी गवऱ्याचा उडवा असन. अन् बँकेत आले की आता खुर्ची द्या त्याईले.

बदलीवाला_सातारकर

खुर्ची दिली. शुक्रवारी आले होते. पन्नास गवऱ्या सांगितल्यात, पैसे घेत नाहीत म्हणताहेत, त्यावरनं भांडण चालू आहे.